जरा सिंबल्स वर कर ना!

मार्च-एप्रिल आला की ऑफिसात अॅप्रेजलचं वारं सुटतं. मॅनेजर समोर बसतो, गोड हसतो आणि म्हणतो, ‘ओव्हरऑल गुड, पण थोडा इम्पॅक्ट वाढवायला हवा.’ आता इम्पॅक्ट म्हणजे नेमकं काय, तो कुठून आणायचा, किती किलो आणायचा... काही पत्ता लागत नाही. आपण मान डोलावतो, बाहेर येतो आणि कॉफी मशिनपाशी उभं राहून मनातल्या मनात शिव्या घालतो. तुम्हाला वाटत असेल, यापेक्षा मोघम फीडबॅक जगात कुठे मिळत नसेल. तर मंडळी, तुम्ही कधी घरी बसून रॉक गाणं मिक्स केलेलं नाही!

तिथले नमुने ऐका. ‘मस्त झालंय, पण काहीतरी मिसिंग आहे.’ ‘अजून थोडं हेवी कर.’ ‘गिटार जरा जाड वाजू दे.’ ‘एकदम इंटरनॅशनल वाटलं पाहिजे यार.’ आणि बाबांचा खास, ‘अगं, हे असंच आहे की तुझा स्पीकर फाटलाय?’

मी दिवसा हिंजवडीत नोकरी करते आणि रात्री कोथरूडच्या घरात, माझ्या दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये, आमच्या बँडची गाणी मिक्स करते. या उद्योगात मला गिटारबद्दल जेवढं कळलं, त्याहून जास्त माणसांच्या कानांबद्दल कळलं. त्यातला एक किस्सा जरा गंभीर आहे. तो पुढे येईलच.

सतरा ट्रॅक, एक बेडरूम

आमचा बँड म्हणजे कॉलेजातले चौघं. गायक, बेसवाला, ड्रमर आणि गिटार वाजवणारी मी. आता सगळे पस्तिशीला टेकलेले. कुणाच्या डोक्यावर होम लोन, कुणाला जुळी मुलं, कुणाची नाइट शिफ्ट. तरी दोन वर्षांतून एखादं गाणं होतंच. २०२४ च्या जूनमध्ये असंच एक रेकॉर्ड केलं. लांबी ४ मिनिटं ४० सेकंद, शब्द मराठी, गायकाने स्वतःच्या नाइट शिफ्टवर लिहिलेले.

ड्रम्स घरी रेकॉर्ड करणं म्हणजे सोसायटीच्या पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर आपलं नाव स्वतःच्या हाताने लिहिणं. म्हणून ते एका दिवसात, ताशी भाड्याने मिळणाऱ्या स्टुडिओत, ८ माइक लावून उरकले. बाकी सगळं माझ्या खोलीत. छोटा अॅम्प, त्याच्यासमोर शुअरचा एसएम ५७ माइक, जो १९६५ पासून बाजारात आहे आणि अजून म्हातारा होत नाही. तीच रिफ ४ वेळा वाजवली. दोन डावीकडे, दोन उजवीकडे. हेवी गाण्यातली गिटार भिंतीसारखी रुंद वाटते ती या युक्तीने. बेसचे २ ट्रॅक, गायकाचे ३. बेरीज करा, १७ होतात.

मिक्सिंग म्हटलं की आईला अजूनही चटणी आठवते. तिची उपमा तशी चपखलच आहे. खोबरं, लसूण, मिरची, मीठ... प्रत्येकाची चव लागली पाहिजे आणि तरी ती एकच चटणी वाटली पाहिजे. कुणाचा आवाज किती, कोण डावीकडे, कोण उजवीकडे, कुणाचे कुठले सूर कापायचे, हे ठरवत बसणं म्हणजे मिक्सिंग.

हेवी रॉकमध्ये हे जास्तच अवघड, कारण डिस्टॉर्शन लावलेली गिटार म्हणजे एसटीत तिघांच्या बाकावर पाय पसरून बसलेला माणूस. तिला सगळी जागा हवी असते. आम्ही जाडी तार एक सूर खाली उतरवतो. तिला ड्रॉप डी म्हणतात. तिथे गिटारचा सगळ्यात खालचा सूर ७३ हर्ट्झवर येतो, बेसचा त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ३७ च्या आसपास. आणि ड्रम्समधल्या किकचा दणका साधारण ५० ते ६० हर्ट्झवर बसतो. तिघांची एकाच गल्लीत पार्किंगवरून मारामारी! यावर जुना उपाय आहे. गिटारचा १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाकायचा. एकटी ऐकली तर अशी गिटार किडकिडीत वाटते. पण बेस सोबत आला की तीच राक्षसासारखी वाजते. जे वजन आपण गिटारचं समजतो, त्यातलं बरंचसं बेसवाल्याच्या घरून आलेलं असतं. (हे वाक्य आमच्या बेसवाल्याने फ्रेम करून ठेवलंय.)

खोली थापा मारते

मग प्रश्न असा की एवढी थिअरी माहीत असताना दुसऱ्याला विचारायचं कशाला? कान आपल्याला आहेतच की.

आहेत. पण ते खोलीत आहेत, आणि खोली थापा मारते. माझी खोली दहा फूट लांब, दहा फूट रुंद. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर धावतो. हिशेब केला तर दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झचा सूर अडकतो आणि घुमत राहतो. त्यातून लांबी-रुंदी सारखीच, म्हणजे तोच सूर दोन्हीकडून घुमणार. भिंतीला टेकून ऐकलं की किक ढोलासारखी वाजते. खोलीच्या मधोमध स्टूल टाकून बसलं की तीच किक जवळपास गायब. गाणं तेच, स्पीकर तेच, मी फक्त पाच फूट सरकले! मी भिंतींवर आजीच्या गोधड्या टांगल्या आहेत. त्याने वरचे सूर छान शोषले जातात, टाळी वाजवली तर खण्ण होत नाही. पण ५६ हर्ट्झला गोधडीची पर्वा नाही. त्या लाटेची लांबी सहा मीटर आहे. तिच्यासमोर गोधडी म्हणजे हत्तीसमोर मच्छरदाणी.

दुसरा गोंधळ घड्याळाचा. नोकरीवाला माणूस मिक्सिंग करणार कधी? रात्री. आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये, ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार, निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल. शिवाय खालच्या मजल्यावरच्या काकांची मर्यादा त्याहून कमी. म्हणजे आवाज बारीक ठेवूनच काम करायचं. आता गंमत बघा. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय की आवाज बारीक असला की माणसाच्या कानाला खालचे सूर मधल्या सुरांच्या मानाने फारच कमी ऐकू येतात. म्हणून रात्री अकराला बेस कमी वाटतो, आपण तो वाढवतो, आणि तेच गाणं शनिवारी कारमध्ये मोठ्याने लावलं की मागची काच थरथरते.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे सवय. एकच गाणं चाळीस वेळा ऐकलं की कान त्याला नॉर्मल समजायला लागतात. नव्या रंगाच्या भिंतीचा वास जसा चौथ्या दिवशी येईनासा होतो, तसं.

म्हणून दुसऱ्याचे कान लागतात. माइक, हेडफोन, सॉफ्टवेअर हे सगळं ईएमआयवर मिळतं. ताजे कान तेवढे मिळत नाहीत. ते मागूनच घ्यावे लागतात.

कोण काय म्हणतं आणि त्याचा अर्थ

फीडबॅक देणाऱ्यांच्या ठरलेल्या जाती आहेत. पहिली ‘मस्तवाले’. यांना तुम्ही प्रेशर कुकरची शिट्टी पाठवली तरी ‘भन्नाट!’ आणि वर तीन ज्वाळा. माणसं प्रेमळ, उपयोग शून्य.

दुसरी ‘मला वर कर’वाले. बँडमधल्या प्रत्येकाला स्वतःचं वाद्य थोडं कमीच ऐकू येतं. हा निसर्गनियम आहे. आमच्या ग्रुपवर एकाच दिवशी आलेले मेसेज : बेस वर कर, व्होकल वर कर, ड्रम्स वर कर. सगळंच वर केलं तर त्याला आवाज वाढवणं म्हणतात, त्यासाठी माझी गरज नाही.

तिसरी ‘मेटालिकावाले’. ‘त्यांच्यासारखं का वाजत नाही?’ हा त्यांचा एकच प्रश्न. यांच्यासाठी एक युक्ती आहे. तुलना करताना दोन्ही गाणी सारख्याच आवाजात लावायची. कारण जे किंचित मोठं वाजतं तेच कानाला जास्त चांगलं वाटतं, माणूस कितीही जाणकार असू दे. या हव्यासापायी गाणी जास्तीत जास्त मोठी दाबून भरायची चढाओढ लागली होती. मेटालिकाचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ तर त्यात इतका ठासून भरला की चाहत्यांनीच ऑनलाइन अर्ज केला, पुन्हा मिक्स करा म्हणून! आता स्पॉटिफायसारख्या सेवा वाजवताना सगळ्या गाण्यांची पातळी साधारण सारखी करून घेतात. म्हणजे जास्त ओरडून फारसा फायदा उरलेला नाही. (ऑफिसच्या मीटिंगमध्ये हे कधी लागू होणार, देव जाणे.)

चौथी जात दुर्मिळ. माझ्या टीममधली एक टेस्टर. रोज सकाळी अभंग ऐकणारी मुलगी, रॉकशी सात जन्मांचा संबंध नाही. तिला सहज गाणं पाठवलं. तिचं उत्तर असं होतं : ‘१ मिनिट १२ सेकंद. उजवा कान. ती पितळी थाळी वाजते तेव्हा टोचतं. इअरफोनवर टोचतं, कारमध्येही टोचतं, लॅपटॉपवर कमी. गंभीरपणा मध्यम.’ मला तिला मिठी मारावीशी वाटली! तिला सिंबल हा शब्दसुद्धा माहीत नव्हता. पण कुठे, कधी, कशावर आणि किती, हे चारही तिने सांगितलं होतं.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं. साध्या ऐकणाऱ्याला दुखणं कुठे आहे ते बरोबर कळतं. औषध त्याने सांगू नये, आणि सांगितलंच तर आपण फार मनावर घेऊ नये. त्याच्या शब्दांचं भाषांतर मात्र करता यायला हवं. ‘मातकट वाटतंय’ म्हणजे २०० ते ४०० हर्ट्झमध्ये गर्दी. ‘नाकातून येतंय’ म्हणजे ८०० ते १००० च्या आसपास बघायचं. ‘टोचतंय’ म्हणजे २५०० ते ४०००, कारण माणसाचा कान तिथेच सगळ्यात हळवा. ‘स आणि श चावतात’ म्हणजे ६००० च्या वर. हा तक्ता मी मॉनिटरला चिकटवून ठेवलाय.

भांडण

टेस्टरच्या फीडबॅकप्रमाणे मी सिंबल्सचा ४००० हर्ट्झजवळचा भाग थोडा खाली घेतला आणि नवीन व्हर्जन ग्रुपवर टाकलं. गायक म्हणाला, ‘आता सुटसुटीत वाटतंय.’ बेसवाला म्हणाला, ‘सिंबल्स अजूनही किंचित टोचतायत.’ आईने स्वयंपाकघरातून सांगितलं, ‘त्या थाळ्या अजून जरा हळू आपट म्हणावं.’

आणि ड्रमर म्हणाला, ‘सिंबल्स आहेत कुठे?’

मी म्हटलं, असेल. स्वतःच्या वाद्याचं प्रेम. निसर्गनियम. पण तो ऐकेना. ‘जरा सिंबल्स वर कर ना’ हा मेसेज रोज यायला लागला. मग ‘ना’ गळून पडला. मग ‘माझेच ड्रम्स का दाबतेयस?’ मग ‘तुम्हाला ड्रमर नकोच आहे, लॅपटॉपवर वाजवून घ्या.’ आणि एका बुधवारी रात्री साडेबाराला साहेबांनी ग्रुप सोडला.

चौदा वर्षांची मैत्री. फर्स्ट इयरला हॉस्टेलच्या बादल्या वाजवणारा हा मुलगा. बाबांच्या बायपासच्या वेळी तीन रात्री हॉस्पिटलच्या बाकावर झोपलेला. आणि सिंबल्सवरून भांडण? मला दोन दिवस ऑफिसात लक्षच लागेना. शेवटी शनिवारी फोन केला, ‘उद्या सात वाजता घरी ये. आई थालीपीठं करतेय. समोरासमोर बसून ऐकू.’

तो आठला आला. हे नेहमीचंच. सातची जॅम असली की तो आठला येणार. वर ‘तूच आठ म्हणालीस’ म्हणून भांडणार. त्याचं नाव आम्ही ‘एक तास’ ठेवलं होतं.

थालीपीठं झाली. माझ्या हेडफोनवर त्याला गाणं लावून दिलं. तो म्हणाला, ‘गोधडीत गुंडाळल्यासारखं वाजतंय.’ मी म्हटलं, बरं, आता हे ऐक. आणि निर्वाणाचं ‘नेव्हरमाइंड’ लावलं. १९९१ चा अल्बम, अँडी वॉलेसचा मिक्स. तो आम्हा दोघांचा बायबल. त्यातल्या सिंबल्सचा एकेक फटका याला तोंडपाठ. आवाज मी आमच्या गाण्याएवढाच ठेवला.

अर्धं गाणं झाल्यावर त्याने हेडफोन बाजूला सरकवला. ‘हे रीमास्टर आहे ना? यातल्या पण सिंबल्स दाबल्यात यार. हल्ली सगळ्याच गाण्यांची वाट लावतात. सगळं दबकं.’

मी काहीच बोलले नाही. कारण ते रीमास्टर नव्हतं. ती माझी कॉलेजातली सीडी होती. तीच, जी आम्ही हॉस्टेलवर घासून घासून ऐकली होती.

‘बंद केलंस का?’

रीपर नावाचं जे सॉफ्टवेअर मी वापरते, त्यात नुसता एक सूर वाजवता येतो. शिट्टीसारखा. मी म्हटलं, एक खेळ खेळू. सूर ऐकू आला की बोट वर कर. आवाज अगदी बारीक ठेवला, पण मला स्पष्ट ऐकू येत होता. १००० हर्ट्झ. बोट वर. २००० हर्ट्झ. बोट वर. ३००० ला जरा थांबून वर. ४००० ला तो माझ्याकडे बघत बसला.

‘बंद केलंस का?’

‘नाही रे. चालू आहे.’

खोलीत एकदम शांतता. म्हणजे त्याच्यासाठी शांतता. मला ती शिट्टी ऐकू येत होती.

मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. रात्री पंखा बंद केला की कानात बारीक शिट्टी वाजते, ‘मला वाटलं सगळ्यांनाच वाजते.’ घरी टीव्हीच्या आवाजावरून बायकोशी रोज वाद. ऑफिसच्या कॉलवर ‘स’ आणि ‘फ’ नीट कळत नाहीत, म्हणून तो सगळ्यांना चॅटवर लिहायला सांगतो. आणि सात आणि आठ. ‘सात’मधला ‘स’ काढून बघा, काय उरतं!

कारण शोधायला लांब जायची गरज नव्हती. बंद जॅम रूममध्ये वर्षानुवर्षं ड्रम्स. आणि त्याच्या भरीला, पुण्याचाच मुलगा तो, दहा वर्षं ढोल-ताशा पथकात. गणपतीच्या दोन महिने आधीपासून रोज संध्याकाळी सराव, त्यात हा ताशावर. ताशाचा कडकडाट कानापासून हातभर अंतरावर. कानात बोळा घालणं म्हणजे त्यांच्यात कमीपणा. अमेरिकेच्या निऑश या संस्थेचा हिशेब असा आहे की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालेल. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. ड्रम्सवर जोरात बसलेला माणूस ही मर्यादा पहिल्या दोन-तीन गाण्यांतच ओलांडतो.

पुढच्या आठवड्यात तो कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेला. मी सोबत गेले. साउंडप्रूफ केबिनमध्ये बसवून, हेडफोन लावून, बीप ऐकू आली की बटण दाबायचं. आमच्याच खेळाचं खरं रूप. ऑडिओग्रामचा कागद हातात आला. रेघ छान सरळ चाललेली आणि ४००० हर्ट्झपाशी एकदम खड्डा, पुढे पुन्हा थोडी वर. दोन्ही कानांत. डॉक्टरांना आकडे सांगावेच लागले नाहीत. मोठ्या आवाजाने झालेलं नुकसान बहुधा असंच, तिथेच दिसतं म्हणाले. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. औषध नाही. आहे ते सांभाळायचं.

बाहेर पार्किंगमध्ये तो बराच वेळ स्कूटरवर नुसता बसून राहिला. मग म्हणाला, ‘म्हणजे मी गेली कित्येक वर्षं जे वाजवतोय ते मला पूर्ण ऐकूच येत नाहीये?’

याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा.

त्याला मी मेटालिकाची गोष्ट सांगितली. त्यांचा १९८८ चा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ हा अल्बम जगभर एकाच गोष्टीसाठी बदनाम आहे. त्यात बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. नवीन बेसवाल्याला त्रास द्यायला मुद्दाम केलं, असं लोक वर्षानुवर्षं बोलत राहिले. जेम्स हेटफिल्डने नंतर एका मुलाखतीत वेगळंच सांगितलं. तेव्हा आम्ही कानात काही न घालता शो करायचो आणि तसेच स्टुडिओत यायचो, कान पार थकलेले. वरचे सूर ऐकू येईनात म्हणून ते वाढवत गेलो आणि खालचं सगळं गेलं, असा त्याचा सूर होता. म्हणजे बघ, म्हटलं, जगातला सगळ्यात मोठा मेटल बँड पण ‘सिंबल्स वर कर’ म्हणत बसला होता. एसी/डीसीच्या ब्रायन जॉन्सनला तर २०१६ मध्ये कानांमुळे टूर अर्धवट सोडावी लागली. आणि २०२० च्या अल्बमवर तो परत गायला.

तो हसला. थोडंसंच. पण हसला.

नवीन फीडबॅक

सप्टेंबर २०२४ च्या विसर्जन मिरवणुकीत आमचा ड्रमर ताशा वाजवत होता. कानात म्युझिशियनवाले इअरप्लग. साध्या फोमच्या बोळ्यांनी वरचे सूर जास्त कापले जातात, याने सगळेच सूर बऱ्यापैकी सारखे खाली येतात. पथकातल्या पोरांनी आधी चेष्टा केली. मग त्याने ऑडिओग्रामचा फोटो पथकाच्या ग्रुपवर टाकला. पुढच्या सरावाला अकरा जणांच्या कानात प्लग होते.

आमच्या गाण्याच्या सिंबल्स मी वर केल्या नाहीत. हे त्यानेच सांगितलं. ‘तिथे तुमचे कान धरा. बाकी मी बघतो.’ आणि बाकीचं त्याने जे पाहिलं! दुसऱ्या कडव्याआधी गिटार एक केसभर आधी येतेय. शेवटच्या कोरसला किक सगळीकडे सारख्याच जोरात वाजतेय, माणूस थकतो तशी ती थकलेली वाटायला हवी. गायकाचा श्वास काढू नकोस, नाइट शिफ्टचं गाणं आहे, दमलेला श्वास राहू दे. यातलं एकही मला हेडफोन लावून सापडलं नसतं. चार हजार हर्ट्झला खड्डा असलेल्या कानांना ते सापडलं.

फीडबॅक देणारा माणूस गाण्याबद्दल बोलतो तेवढाच स्वतःबद्दलही बोलत असतो. तो कुठे बसून ऐकतोय, कशावर ऐकतोय, दिवसभरात काय झालंय, त्याचे कान कुठून आलेत, हे सगळं त्या एका वाक्यात असतं. पाचांतल्या चौघांनी एकच गोष्ट सांगितली तर मी मिक्स बदलते. पाचवा वेगळं सांगत असेल, तर गाण्याला हात न लावता आधी त्याला जेवायला बोलावते.

तुम्हीही घरी मिक्स करत असाल, तर हे एवढं करून बघा

* ‘कसं झालंय?’ विचारू नका. ‘शब्द कळतायत का?’, ‘काही टोचतंय का, कितव्या सेकंदाला?’ असं विचारा.
* कशावर ऐकलं ते आवर्जून विचारा. फोनच्या स्पीकरवर ५० हर्ट्झचा दणका येतच नाही, मग ‘किक नाही’ हा फीडबॅक फोनचा आहे.
* ग्रुपवर टाकण्याआधी एकेकाला वेगळं पाठवा. पहिल्याचं मत वाचलं की बाकीचे तेच बोलतात.
* रॉक न ऐकणाऱ्या एका माणसाला नक्की विचारा.
* दोन व्हर्जन्स ऐकवताना आवाज सारखा ठेवा. नाहीतर मोठं वाजेल तेच जिंकेल.
* दर तासाला दहा मिनिटं कानांना सुट्टी. चहा प्या. टपरीवर गाणी लागली असतील तर पलीकडच्या टपरीवर प्या.

गाणं आम्ही डिसेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन टाकलं. ऐकणारे मोजकेच, त्यातले निम्मे नातेवाईक. बाबांनी कारमध्ये ऐकलं आणि म्हणाले, ‘स्पीकर फाटल्यासारखं वाजतंय, पण शब्द कळतायत.’ एवढं पुरे!

आणि जाता जाता एक. तुमच्या ग्रुपमध्येही असेल एखादा, जो टीव्ही मोठा लावतो, कॉलवर तीनतीनदा ‘काय?’ विचारतो आणि सातच्या पार्टीला आठला येतो. त्याला शिव्या घालायच्या आधी एकदा कान तपासायला सांगा. ऑडिओग्रामला अर्धा तास लागतो. एक सिनेमा आणि पॉपकॉर्न सोडलं तर होऊन जातं.